निरोपातला निरोप

फेब्रुवारी महिना आला की अमरावती-अकोल्याच्या आपल्या शाळांतून दहावीच्या वर्गाचे निरोप समारंभ सुरू होतात. नववीची मुले वर्ग सजवतात, खाऊचे पुडे वाटले जातात, एखादी विद्यार्थिनी भाषण करता करता रडू लागते आणि अखेरीस फादर किंवा सिस्टर आशीर्वादाचे चार शब्द बोलतात. या भाषणांतूनच पुढे शालेय वार्षिकांकातला निरोपलेख तयार होतो. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत इतका लिहिला जाणारा, आणि इतका कमी तपासला जाणारा, दुसरा साहित्यप्रकार नसावा. त्याची थोडी चिकित्सा करण्याचा आमचा विचार आहे.

असे लेख ओळीने वाचू लागलो की एक गोष्ट ध्यानात येते. शाळा नेहमी मंदिर असते, शिक्षक दीपस्तंभ असतात, मित्र एका माळेतली फुले असतात आणि भविष्य हटकून उज्ज्वल असते. शीर्षकाखालचे वर्ष बदलले तर मागचा लेख पुढच्या वर्षीही खपून जाईल. ज्या मैत्रिणीसाठी डोळे भरून आले, तिचे नाव मात्र लेखात सापडत नाही. मुलांची भावना खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. भावना खरी आहे, परंतु भाषा उसनी आहे. आणि ती उसनी आणून देणारे आपण वडीलधारेच आहोत.

वास्तविक आपल्या भाषेने या प्रसंगासाठी फार अर्थपूर्ण शब्द दिला आहे. 'निरोप' म्हणजे ताटातूट, आणि 'निरोप' म्हणजेच कोणाच्या हाती पाठवलेला सांगावा. फादर हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइट मिशनऱ्यांनी १९०३ साली आपल्या लोकांसाठी मासिक काढले, तेव्हा त्याला 'निरोप्या' हे नाव दिले ते या दुसऱ्या अर्थाने. पुढे पहिल्या महायुद्धाने जर्मन जेझुइटांना या देशातून बाहेर काढले आणि पहिल्या अर्थाचा निरोपही त्यांच्या वाट्यास आला. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. परंतु 'येतो' म्हणण्याची सोयच उरली नसेल, तेव्हा निरोपाच्या भाषेचे काय होते? या लेखनाची खरी कसोटी तेथेच लागते. त्यासाठी आम्ही वऱ्हाडाबाहेरचे, परंतु महाराष्ट्राच्याच मातीत घडलेले एक उदाहरण घेतो.

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सुमारे पाच हजारांची ही वस्ती. बहुतेक स्त्रिया आणि मुले. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून त्यांना सैबेरिया आणि कझाकस्तानकडे नेऊन टाकले होते. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. अनेकांचे वडील आणि भाऊ जनरल आंदेर्स यांच्या सैन्यात होते. मे १९४४ मध्ये इटलीतील मोन्ते कास्सिनोच्या लढाईत हे सैन्य लढले. वसाहतीत चर्च होते, बालवीर पथके होती आणि प्राथमिक वर्गांपासून शालान्त परीक्षेपर्यंतच्या शाळा होत्या. युद्ध चालू होते, तरी वर्ग भरत होते, परीक्षा होत होत्या आणि दरवर्षी काही मुले-मुली शाळेचा निरोप घेत होती.

या निरोपाचे वेगळेपण समजून घेतले पाहिजे. आपली मुले शाळा सोडतात ती घरी परतण्यासाठी. वळिवड्याच्या विद्यार्थ्यांना ते शक्य नव्हते. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेनंतर त्यांच्यापैकी बहुतेकांची गावे सोव्हिएत संघाच्या हद्दीत जाणार हे स्पष्ट झाले. युद्ध संपले, पण घर मिळाले नाही. पुढे कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी कॅनडा-अमेरिकेला, तर कोणी बदललेल्या पोलंडला. एका बाकावर बसलेल्या दोघी दोन खंडांत विखुरल्या. अशा वेळी 'उज्ज्वल भविष्य' हे शब्द कोण उच्चारणार?

या विद्यार्थ्यांनीच पुढे आपल्या आठवणींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो २००० साली पोलिश भाषेत आणि २००९ साली 'पोल्स इन इंडिया १९४२–१९४८' या नावाने इंग्रजीत प्रसिद्ध झाला. कागदपत्रे आणि आठवणी यांची सांगड घालण्याचा हेतू मूळ पोलिश शीर्षकातच सांगितलेला आहे. अनेक हातांनी लिहिलेल्या पुस्तकात पुनरुक्ती आणि असमानता यायचीच, ती येथेही आहे. वसाहतीच्या शेजारची मराठी माणसे त्यात कडेकडेने वावरतात, ही उणीव मराठी वाचक म्हणून आम्हांस जाणवते. परंतु वाङ्मयीन सौष्ठवाच्या मापाने हे पुस्तक मोजणे अन्यायाचे होईल. वसाहत १९४८ मध्ये उठली आणि पुस्तक २००० मध्ये आले. वर्गमित्रांनी वर्गमित्रांसाठी लिहिलेला आणि ५२ वर्षे उशिरा छापलेला हा वार्षिकांकच आहे, असे आम्ही समजतो. त्याचे बळ विशेषणांत नाही. कोण कोठून आले, कोण कोणाबरोबर होते, काय शिकले आणि कोठे गेले याची नोंद ठेवण्यात ते आहे. माणसे विखुरली, तेव्हा नावे जपून ठेवणे हाच त्यांच्या प्रेमाचा आविष्कार झाला.

पवित्र शास्त्रातील निरोपही याच जातीचे आहेत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात पौल मिलेत येथे इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेतो. आपले तोंड ते पुन्हा पाहणार नाहीत, हे तो त्यांच्यापासून लपवीत नाही. केलेल्या कष्टांचा हिशेब देतो, कळपाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवतो, सर्वांसह गुडघे टेकतो. मग रडणे होते आणि ते त्याला तारवापर्यंत पोहोचवतात. योहानच्या शुभवर्तमानातही वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभू आपल्या शिष्यांना सुखाचे आश्वासन देत नाही. क्लेश येतील असे स्पष्ट सांगतो, आणि शांती देतो. सत्य, सोपवणूक आणि प्रार्थना या तीन गोष्टी ज्या निरोपात आहेत, त्यात अश्रूंना जागा मागावी लागत नाही.

आता पुन्हा वऱ्हाडाकडे वळू. आपल्याकडे युद्ध नाही, मग एवढा विचार कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु दहावीच्या एकाच वर्गातून सर्वांच्या वाटा सारख्या निघत नाहीत. एक मुलगा पुण्याला कॉलेजात जातो. दुसरा वडिलांच्या दुकानात बसतो. मेळघाटातून येऊन वसतिगृहात राहिलेली एखादी मुलगी सुट्टीला घरी जाते आणि तिचे शिक्षण तेथेच थांबते. तिच्या दृष्टीने फेब्रुवारीतला तो समारंभ म्हणजे वर्गातला अखेरचा दिवस असतो. आपल्या निरोपलेखांत मात्र सर्वांनाच आकाशात भरारी घ्यावयाची असते. जिची भरारी जमिनीवरच अडली आहे, ती त्या लेखात कोठेच नसते. गुळगुळीत भाषेचा दोष केवळ वाङ्मयीन नसतो, तो येथे माणसाला वगळण्याचा दोष ठरतो.

म्हणून शिक्षकांस आणि पालकांस आमची विनंती एवढीच, की यंदा मुलांना निरोपलेख लिहावयास सांगताना दीपस्तंभ आणि फुले बाजूस ठेवावीत. शेजारी बसणाऱ्याचे नाव लिहावे. त्याने डब्यातले काय दिले, कोणते गणित समजावले, कोणत्या भांडणानंतर तो पुन्हा बोलला, ते लिहावे. तो कोठे चालला आहे ते विचारून घ्यावे, आणि परीक्षेनंतर एखादे पत्र तेथे पाठवावे. निरोप दिला, पण निरोप पाठवलाच नाही, असे होऊ नये.