सातांपैकीं तीन

एखाद्या सरकारी संस्थेचें काम संपलें म्हणजे तिच्या ओस पडलेल्या इमारतींचें काय करावयाचें, हा प्रश्न वरवर पाहतां बांधकामखात्याचा वाटतो. परंतु ती संस्था तुरुंग असेल, आणि त्या तुरुंगांत देशाच्या इतिहासांतील एखादें पर्व घडलें असेल, तर त्या प्रश्नाचें स्वरूप पालटतें. कोणती भिंत ठेवावी व कोणती पाडावी हें ठरविणें म्हणजे पुढील पिढीनें काय वाचावें हें ठरविणें होय. असल्या निर्णयाचें परीक्षण ग्रंथपरीक्षणाइतक्याच काळजीनें झालें पाहिजे. अंदमानांतील सेल्युलर जेलची कथा या दृष्टीनें विचारांत घेण्याजोगी आहे.

हा तुरुंग १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधला गेला. मध्यें मनोरा, आणि चाकाच्या आऱ्यांप्रमाणें त्याच्यापासून निघालेल्या सात तिमजली चाळी, अशी त्याची रचना होती. कोठडी सुमारें साडेतेरा फूट लांब व सात फूट रुंद. उजेडासाठीं वर छताजवळ एक झरोका. पण लहान कोठड्या कोणत्या तुरुंगांत नसतात? येथील विशेष होता तो चाळींच्या मांडणींत. प्रत्येक चाळीचें तोंड शेजारच्या चाळीच्या पाठीकडे केलेलें होतें. गजांशीं उभ्या राहिलेल्या बंदिवानाला समोर मनुष्याचा चेहरा दिसावयाचा नाहीं. दिसावयाची ती दुसऱ्या चाळीची पाठ. मनोऱ्यावरील पहारेकऱ्याची नजर मात्र सर्व चाळींवर फिरे. गणेश व विनायक हे सावरकर बंधु एकाच आवारांत असूनहि त्यांची भेट दुर्घट व्हावी, यांत बंदिशाळेच्या नियमांइतकाच या मांडणीचाहि हात होता. शेंकडों माणसें एकत्र आणावयाचीं आणि त्यांतील प्रत्येकाला एकटें पाडावयाचें, हें त्या वास्तूचें प्रयोजन; आणि तें सातहि चाळी मिळून साधत.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. १९३७-३८ मध्यें राजबंद्यांना मुख्य भूमीवर परत पाठविण्यांत आलें. १९४१ सालीं तेथें मोठा भूकंप झाला. १९४२ पासून १९४५ पर्यंत जपानी अंमल आला. आणि १९४५ मध्यें कैद्यांची ती वसाहतच मोडण्यांत आली. भूकंप, युद्ध आणि स्वातंत्र्यानंतरचें पाडकाम यांत मिळून सातांपैकीं चार चाळी नाहींशा झाल्या. १९६३ मध्यें त्या आवारांत गोविंद वल्लभ पंत रुग्णालय सुरू झालें. उरलेला भाग वांचला तो पूर्वीच्या राजबंद्यांनीं विरोध केला म्हणून. ११ फेब्रुवारी १९७९ रोजीं पंतप्रधान मोरारजी देसाई यांनीं तो राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण केला. ज्या पोर्ट ब्लेअर शहरांत हें स्मारक आहे, त्याचें नांवहि २०२४ मध्यें बदलून श्री विजय पुरम झालें आहे.

या पाडकामाचें समर्थन करणाऱ्यांची बाजू दुबळी नाहीं. बेटावरील रोग्यांना वैद्य हवा आणि खाट हवी. जेथें माणसें मोडलीं गेलीं तेथेंच माणसें बरीं व्हावींत, याहून चांगलें परिवर्तन कोणतें? शिवाय, जुलमी सत्तेची वास्तु जपावयाची तरी कशाला, असा प्रश्न कोणी केला तर पॅरिसच्या बॅस्टीलचें उदाहरण त्याच्या हाताशीं आहे. १७८९ मध्यें तेथील लोकांनीं तो किल्ला घेतला आणि मग त्याचा दगडहि जागेवर राहूं दिला नाहीं. हें खरें, तथापि त्याच पॅरिसनें किल्ल्याची कड रस्त्याच्या फरसबंदींत दाखवून ठेविली आहे, हेंहि विसरूं नये. पाडणें आणि पुसून टाकणें या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत.

तेव्हां आमचा आक्षेप रुग्णालयावर नाहीं. सातांतून चार गेल्या तरी तीन राहिल्या, मग स्मारकापुरतें भागलें, ही जी समजूत आहे तिच्यावर आहे. पांच अंकी शोकांतिकेचे तीन अंक फाडून टाकले तर हातीं दोन पंचमांश शोकांतिका राहत नाहीं. उरलेल्या चाळींमध्यें आजहि एकीच्या तोंडासमोर दुसरीची पाठ दिसते. परंतु तें वर्तुळ तुटलें आहे. जिकडे पाहावें तिकडे भिंत, हा जो त्या रचनेचा अर्थ होता, त्यांत मोकळें आकाश शिरलें आहे. प्रेक्षकाला कोठडी पाहावयास मिळते. तिच्याभोंवतालचें एकटेपण त्याला कल्पनेनें भरून काढावें लागतें.

कोणी म्हणेल कीं, तें भरून काढावयास ग्रंथ आहेत. आहेतच. सावरकरांचें ‘माझी जन्मठेप’ आहे. बारींद्रकुमार घोष व उपेंद्रनाथ बंदोपाध्याय यांनीं आपल्या बंदिवासाचे वृत्तांत लिहिले आहेत. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढण्यासाठीं माणसाला घाण्याला जुंपीत, हें आपणांस ठाऊक आहे तें लिहिणारे होते म्हणून. इंदुभूषण रॉय यानें १९१२ मध्यें त्या कोठडींत जीव दिला. त्याचें नांव राहिलें तेंहि त्याचे सोबती लेखणीचे धनी होते म्हणून. परंतु त्या चाळींत राजबंदी थोडे आणि साधे बंदिवान पुष्कळ होते. जन्मठेपीवर आलेला कैदी प्रथम याच कोठड्यांत कोंडला जाई. त्यांतील बहुतेकांना लिहितां येत नव्हतें, आणि येत असतें तरी त्यांचें लिहिणें छापणार कोण? त्यांनीं भोगलेल्या शिक्षेची साक्ष द्यावयाला भिंत, गज आणि समोरची ती पाठ एवढेंच होतें. पाडकामानें विद्वान बंदिवानाचें फारसें नुकसान झालें नाहीं, त्याचें पुस्तक कपाटांत सुरक्षित आहे. निरक्षराचें जें एकमेव पुस्तक होतें, त्याचीं मात्र निम्म्याहून अधिक पानें गेलीं.

अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या तुरुंगाचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. १८२९ मध्यें सुरू झालेल्या त्या बंदिशाळेलाहि मूळच्या सातच चाळी होत्या, आणि डिकन्सनें १८४२ मध्यें तेथील एकांतवासाच्या शिक्षेवर कठोर टीका केली होती. १९७१ मध्यें तो तुरुंग ओस पडला. १९९४ पासून लोक तो पाहावयास जातात, तो बहुतांशीं पडक्या अवस्थेंतच. तेथें कोणी नवें रुग्णालय उभारलें नाहीं हें खरें, आणि प्रत्येक गांवाला तशी चैन परवडणार नाहीं हेंहि खरें.

परंतु कुदळ उचलण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावयास पैसे पडत नाहींत: या वास्तूचें बोलणें कोणत्या भागांत आहे? सेल्युलर जेलपुरतें त्याचें उत्तर त्या सात चाळींच्या परस्पर-संबंधांत होतें. तो संबंध ओळखून मग रुग्णालयासाठीं जागा शोधली असती, तर ती मिळाली नसती असें नाहीं. जुन्या कारागृहांचीं, वेड्यांच्या इस्पितळांचीं, महारोग्यांच्या वसाहतींचीं आवारें अजून पुष्कळ ठिकाणीं उभीं आहेत, आणि त्यांच्या जमिनीला आज मोठी किंमत येते. तेथें राहून गेलेल्यांपैकीं फारच थोड्यांनीं आत्मचरित्र लिहिलें असेल. बाकीच्यांचें जें कांहीं लिहिलेलें आहे तें त्या भिंतींवरच आहे.