मोटर चालू, पाणी?

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका रात्री मी पलूसच्या घरात बसून मोबाईलवरचं हिरवं बटण दाबलं. विहिरीतलं पाणी शेततळ्यात सोडायचं होतं. पडद्यावर ‘मोटर चालू’ अशी अक्षरं उमटली आणि मी निर्धास्त झोपलो. सकाळी जाऊन पाहतो तर शेततळ्यातलं पाणी वीतभरही चढलेलं नाही. फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून पाइपातलं पाणी विहिरीत उतरलं होतं. पंप रात्रभर कोरडा फिरला आणि त्याचं सील जळालं. दुरुस्तीला आलेला मिस्त्री म्हणाला, “ॲप कुठं खोटं बोललं? मोटर चालूच होती की!”

हे वाक्य डोक्यातून जाईना. मी अभियंता नाही. पण तेव्हापासून मिळेल ते वाचत, गावातले मोबाईल स्टार्टर उघडून बघत, ते वापरणाऱ्यांशी बोलत गेलो. त्यातून जे हाती लागलं, ते इथे मांडतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली वसवलेली किर्लोस्करवाडी आज आमच्याच तालुक्यात आहे. लोखंडी नांगरामागून तिथून पंपही बाहेर पडले. जुन्या पंपाला पडदा नव्हता, पण त्याची खबर मिळायची. आवाज बदलला की फेज गेला, हे बांधावरून कळे. पाइपाला हात लावला, गार लागला, की पाणी चढलं. मोबाईल स्टार्टरने रात्रीची पायपीट वाचवली. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस रात्रीच येते. अंधारात विंचूकाट्यातून जाणं टळणं ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच स्टार्टरने कानाची आणि हाताची खबरही तोडली. तिच्या जागी काय दिलं, हा माझा प्रश्न आहे.

डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988 साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं. माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये दोन दऱ्या असतात, असं ते सांगतात. माझ्या शब्दांत, एक ‘करण्याची दरी’ आणि दुसरी ‘कळण्याची दरी’. हवं ते यंत्राकडून करून कसं घ्यायचं, ही पहिली. झालं की नाही हे कसं ओळखायचं, ही दुसरी. आमच्या हातातली ॲप पहिली दरी झकास बुजवतात. मोठं बटण, हिरवा रंग, मराठी अक्षरं. दुसरी तशीच राहते.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ या दृष्टीने अभ्यासण्यासारखं आहे. 2009 साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. साध्या फोनवरून मोटरीला कॉल लावायचा. येणाऱ्या आवाजावरून लाईट आहे का, मोटर बंद की चालू, हे ओळखायचं आणि मग आकडा दाबून ती सुरू करायची. आधी खबर, मग हुकूम. वाचता न येणाऱ्यालाही ते जमतं. नंतरच्या चकचकीत पडद्यांनी हा क्रम बऱ्याचदा उलटा केला.

यावर कोणी म्हणेल, नव्या ॲपमध्ये अँपिअर दिसतात की. दिसतात. पंप कोरडा फिरू लागला की भार उतरतो, अँपिअर पडतात. म्हणजे स्टार्टरला सुगावा लागलेला असतो. पण तो आकडा कोपऱ्यात बारीक छापायचा आणि मधोमध हिरवं ‘चालू’ मिरवायचं, याला मी मांडणीतला दोष म्हणतो. तिथे ‘मोटर फिरतेय, पाणी उचलत नसावी’ एवढं वाक्य हवं. रेंज गेली की तर आणखी पंचाईत. पडदा तासापूर्वीची स्थिती आत्ताची म्हणून दाखवत राहतो. ‘शेवटची खबर 10 वाजून 20 मिनिटांची’ हे लिहायला कितीसा खर्च येतो?

हाच निकष शासनाच्या ‘ई-पीक पाहणी’ला लावून पाहू. 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या पिकाची नोंद शेतकरी स्वतः करू लागला, फोटोसोबत अक्षांश-रेखांशही जाऊ लागले. अधिकार शेताच्या मालकाकडे आला, याचं मोल मोठं आहे. 2022 च्या सुधारित आवृत्तीत केलेली नोंद 48 तासांत दुरुस्त करायची सोय आली, फोटो गटापासून लांबून काढला तर इशारा मिळू लागला. म्हणजे पहिल्या वर्षाच्या अडचणी कोणीतरी ऐकल्या. तरी दुरुस्तीची मुदत नोंद केल्यापासून मोजली जाते आणि चूक मात्र पुष्कळदा सातबारा काढताना, कर्जाच्या नाहीतर भरपाईच्या वेळी ध्यानात येते. इथेही करण्याची सोय पुढे, कळण्याची मागे.

यंत्राने सगळं जाणावं, असा माझा हट्ट नाही. पाइप पुढे फुटला तर विहिरीवरच्या स्टार्टरला ते कसं कळणार? पण जे कळलं नाही, ते कळल्यासारखं दाखवू नये. शेजारी ‘मोटर चालू केलीय, पाणी आलं का बघ’ एवढं बोलतो. त्यामुळे आपण उठून बघतो.

नवं सील बसवल्यावर मी शेततळ्याच्या तोंडाशी पाण्याच्या धारेने ढकलली जाणारी एक पत्र्याची पट्टी आणि तिला जोडलेला दिवा लावला. घराच्या माडीवरून तो दिसतो. आता रात्री बटण दाबतो आणि आधी खिडकीत जाऊन उभा राहतो.