'दिग्नितास पर्सोने' आणि आदिलाबादचे सिकलसेलग्रस्त

रोमच्या श्रद्धातत्त्व-मंडळाने ८ सप्टेंबर २००८ या दिनांकाचे 'दिग्नितास पर्सोने', म्हणजे 'व्यक्तीची प्रतिष्ठा', हे मार्गदर्शनपत्र त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रसिद्ध केले. १९८७ च्या 'दोनुम वीते' या पत्रात आरंभिलेले विवेचन त्याने पुढे नेले. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ते सेमिनरीत अभ्यासले असेल. ते आज पुन्हा वाचावे असे आम्हांस वाटते, कारण ते लिहिले गेले तेव्हा मानवी जनुकात नेमक्या जागी दुरुस्ती करणे ही दूरची गोष्ट होती. आता सिकलसेल या रक्तविकारावर तसा उपचार निघाला आहे. आणि हा विकार आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या भागांतील आदिवासी वस्त्यांना अपरिचित नाही. १९९९ साली आदिलाबादचे स्वतंत्र धर्मप्रांत होईपर्यंत हा प्रदेश चंद्रपूरच्या धर्मप्रांतात मोडत असे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील धर्मशिक्षकांपुढे प्रश्न एकच आहे.

प्रथम पत्राचा आशय पाहू. जनुकोपचाराचे ते दोन भाग करते. रुग्णाच्या देहपेशींत केलेली दुरुस्ती त्या रुग्णापुरतीच राहते. ती रोग बरा करण्यासाठी असेल, रुग्णाची संमती असेल आणि धोका प्रमाणाबाहेर नसेल, तर ती तत्त्वतः योग्य होय. बीजपेशींतील दुरुस्ती मात्र पुढील पिढ्यांत उतरते. तिचे धोके आवाक्यात आलेले नाहीत आणि होणाऱ्या संततीला अपाय संभवतो, म्हणून संशोधनाच्या सद्यःस्थितीत ती अयोग्य होय. गर्भाशयाबाहेर भ्रूण निर्माण करून त्यांतील 'निर्दोष' तेवढा निवडण्यासही पत्राचा स्पष्ट विरोध आहे. माणूस 'सुधारण्यासाठी' जनुकांत फेरफार केला तर काही माणसे उंच व काही हीन ठरतील, असा इशाराही ते देते.

ही भेदरेषा काळाच्या कसोटीस उतरली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील हे जियानकुई या शास्त्रज्ञाने भ्रूणांच्या जनुकांत फेरफार करून जुळ्या मुली जन्मास आल्याचे जाहीर केले, तेव्हा साऱ्या जगातील वैज्ञानिकांनीच त्याचा निषेध केला. पुढील वर्षाअखेर त्याला तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या नियमावलीतही बीजपेशींवरील जनुकोपचार निषिद्ध आहे.

तथापि 'सद्यःस्थितीत' या शब्दाकडे दुर्लक्ष करता येत नाही. धोका हेच जर मुख्य कारण असेल, तर धोका टळताच निषेधही ढिला पडेल. मूल हे दान आहे, आईबापांच्या अटींवर घडविलेली वस्तू नव्हे, ही पत्राची खरी भूमिका. ती या परिच्छेदात अधिक ठामपणे यावयास हवी होती.

आता पत्राला आदिलाबादच्या वाटेवर घेऊन जाऊ. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात व रक्तक्षय जडतो. बदललेले जनुक एकाच पालकाकडून आले तर मूल केवळ वाहक होते व सहसा निरोगी जगते. दोघांकडून आले तर आजारी होते. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत आजाराची शक्यता चारांत एक असते. एक मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. एकच पालक वाहक व दुसरा या बदलापासून मुक्त असेल, तर कोणतेही मूल या आजाराने ग्रस्त होत नाही. एवढे तरी प्रत्येक धर्मशिक्षकाला सांगता आले पाहिजे, कारण अर्धवट माहितीने मोडलेली सोयरीक पुन्हा जुळत नाही.

शासनाने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. आदिवासी भागांतील सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट असून तेलंगणाचा त्यात समावेश आहे. तपासलेल्यास कार्ड मिळते, आणि विवाहापूर्वी दोघांची कार्डे ताडून पाहावीत असा सल्ला दिला जातो. राजगोंडांत चार, पाच, सहा व सात देवांच्या सगांप्रमाणे विवाह ठरतात. स्वतःच्या सगात सोयरीक होत नाही. पण जनुक सगा ओळखत नाही, म्हणून जुन्या नियमाने ही अडचण सुटत नाही. तपासणी उपयुक्तच आहे. मात्र ज्या घरात आजवर देव जुळवून सोयरीक होत होती, तेथे आता कार्ड आले, आणि कार्डावरचा शब्द मुलीच्या कपाळावरचा डाग होऊ शकतो.

येथेच आमची पहिली टीका आहे. पत्राच्या मते माणसांत उच्चनीचता निर्माण करण्याचा धोका मानवी सामर्थ्यातून, म्हणजे जनुक बदलण्याच्या शक्तीतून येतो. आमच्या वस्त्यांत तो त्याआधीच, केवळ ज्ञानातून येतो. जनुक बदलण्याचे सामर्थ्य कोणाच्याच हाती नसताना 'हिच्या रक्तात दोष आहे' एवढे वाक्य पुरते. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो प्रश्नच नाकारला (योहान ९). यहेज्केलनेही आपल्या अठराव्या अध्यायात बापाच्या पापाचा भार मुलावर घालण्याची रीत मोडीत काढली आहे. शिवाय 'दोष' हा शब्दही अपुरा आहे. हिवतापाच्या रानात ज्याच्याकडे हे जनुक एकेरी होते, त्याला प्राणघातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळे, म्हणूनच ते इतक्या पिढ्या टिकले. ज्या बदलाने आजोबांचे प्राण राखले असतील, तोच नातवाला छळतो. त्याला शाप म्हणणे ज्ञानाशीही विसंगत आणि श्रद्धेशीही विसंगत.

दुसरी टीका न्यायाविषयी. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका यांनी मान्य केलेल्या 'कॅस्गेव्ही' या उपचारात रुग्णाच्याच अस्थिमज्जेच्या मूलपेशी काढून, त्यांत दुरुस्ती करून त्या परत देतात. मग गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. पत्राच्या कसोटीने हा देहपेशींचा उपचार तत्त्वतः योग्य आहे. पण अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठरली, आणि त्यापूर्वी घ्यावी लागणारी तीव्र औषधे वंध्यत्वही आणू शकतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या संस्थेत विकसित झालेल्या स्वदेशी उपचाराला बिरसा मुंडा यांचे नाव देण्यात आले. हे अभिनंदनीय आहे. परंतु नाव आदिवासी वीराचे आणि लाभ नगरवासी धनिकाचा, असे होता कामा नये. 'दिग्नितास पर्सोने'च्या जनुकोपचारविषयक परिच्छेदांत 'हे योग्य की अयोग्य' यास उत्तर आहे, 'हे कोणाला मिळणार' यास पुरेसे नाही. २०२४ च्या 'दिग्नितास इन्फिनिता' या पत्राने मानवी प्रतिष्ठेवरील आघातांत दारिद्र्याची गणना प्रथम केली; ते सूत्र येथे जोडून वाचले पाहिजे.

शेवटची टीका आमच्या स्वतःवर आहे. दोन वाहक तरुण-तरुणी विवाहाची नोंद करण्यास येतात. भ्रूणनिवड नको, गर्भपात नको, हे आम्ही त्यांना तत्काळ सांगतो, आणि ते सांगणे योग्यच आहे. पण त्यानंतर आम्ही बहुधा गप्प बसतो. ज्यांना आपण 'नको' म्हणतो, त्यांच्या घरी आजारी मूल जन्मले तर रात्री वेदनेचा झटका आल्यावर गाडी कोण आणणार? हायड्रॉक्सियुरियासारखे साधे, परवडणारे औषध पुष्कळांचे झटके कमी करते. ते नियमाने मिळते की नाही, हे कोण पाहणार? निषेधाचा अधिकार सेवेच्या तयारीतून येतो.

म्हणून आमची सूचना अशी. तपासणी सोयरीक ठरण्यापूर्वी व्हावी, मांडव पडल्यावर नव्हे. दोघे वाहक असणे ही ख्रिस्तसभेच्या कायद्यात विवाहबाधा नाही. सत्य समजावून सांगून निर्णय त्या दोघांवर सोपवावा. कार्डावरचा निकाल धर्मशिक्षकाने पापनिवेदनासारखा गुप्त राखावा. आणि ज्या घरी सिकलसेलचे मूल आहे, तेथे सणासुदीची वाट न पाहता जावे. पत्राने आखलेली सीमा आम्हांस मान्य आहे. त्या सीमेच्या आत राहणाऱ्यांना एकटे न सोडणे, हे काम मात्र आमच्याकडेच आहे.