‘फक्त एक बिट’ म्हणण्याआधी: पेज फ्लॅग्जच्या एका फाइलचं परीक्षण

ऑपरेटिंग सिस्टीममध्ये संशोधन करायचं ठरवलंत, की मेमरी मॅनेजमेंटच्या वाटेवर कधी ना कधी तुमच्या वहीत एक वाक्य येणारच: ‘यासाठी प्रत्येक पेजमागे फक्त एक बिट लागेल.’ वाक्य निरुपद्रवी दिसतं. प्रपोजलमध्ये छान बसतं, गाइडही मान डोलावतात. पण लिनक्स कर्नलमध्ये मोकळा बिट मागणं म्हणजे लग्नसराईत मंगल कार्यालयाची तारीख मागण्यासारखं आहे. आज मी त्या वाक्याची तपासणी करणार आहे. त्यासाठी परीक्षणाला घेतलीय ती कर्नलमधली एक हेडर फाइल, पेज-फ्लॅग्ज डॉट एच. पुस्तकाचं परीक्षण करतात तसंच हिचंही करता येतं, कारण हिच्यात बरीच वर्षं चाललेला एक वाद साठलेला आहे.

आधी एक गोंधळ दूर करू

नाशिकच्या कॉलेजांत टीई कॉम्प्युटरला आपण एसपीओएस शिकतो. तिथे पेज टेबलची आकृती येते: व्हॅलिड बिट, फ्रेम नंबर, प्रोटेक्शन, रेफरन्स, मॉडिफाइड. प्रा. ढमढेरे यांच्या पुस्तकातल्या आकृतीत शेवटी ‘इतर माहिती’ असाही एक रकाना आहे. मग फिफो आणि एलआरयूची गणितं सोडवून आपण पुढे जातो.

हे बिट पेज टेबलमधल्या नोंदीचे असतात, म्हणजे मॅपिंगचे. एकच फिजिकल पेज दहा प्रोसेसनी मॅप केलं, तर त्याच्या दहा नोंदी होतात. पण ‘या पेजवर आत्ता कुणीतरी लॉक घेतलंय’ किंवा ‘हे डिस्कवर लिहिलं जातंय’ ही माहिती त्या पेजची स्वतःची आहे, मॅपिंगची नाही. ती ठेवण्यासाठी लिनक्समध्ये प्रत्येक फिजिकल पेजमागे एक नोंद असते, तिचं नाव स्ट्रक्ट पेज. तिच्यातला पहिलाच शब्द म्हणजे फ्लॅग्ज. परीक्षेतल्या आकृतीत ही नोंद कुठेच नसते, म्हणून बिट फुकट असतात अशी आपली समजूत होते. अभ्यासक्रमाच्या मांडणीतला हा खरा दोष आहे. अल्गोरिदम शिकवला जातो, पण त्याला लागणारी माहिती कुठे राहते आणि तिचं भाडं किती, हे शिकवलं जात नाही.

ते भाडं मोजू. ६४-बिट मशीनवर स्ट्रक्ट पेज साधारण ६४ बाइटचं असतं आणि पेज ४ केबीचं. १६ जीबी रॅम म्हणजे ४१,९४,३०४ पेजेस, त्यांच्या नोंदी २५६ एमबी. त्यात अजून एक ८ बाइटचा शब्द वाढवला, तर आणखी ३२ एमबी गेले. १ टीबीच्या सर्व्हरवर हाच जादा शब्द २ जीबी खातो. शिवाय ६४ बाइटची नोंद एका कॅशे लाइनमध्ये नेमकी बसते, ७२ बाइटची बसत नाही. म्हणून ‘वेगळं फील्ड टाकू’ म्हटलं की मेंटेनर लगेच नाही म्हणतात, आणि सगळे त्या एका फ्लॅग्ज शब्दाभोवती गर्दी करतात.

६४ बिट आहेत ना, मग?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच. त्या शब्दात फक्त फ्लॅग नसतात. वरच्या बाजूने पेज कोणत्या नोडचं, कोणत्या झोनचं, शेवटी कोणत्या सीपीयूने वापरलं, अशा गोष्टीही तिथेच कोंबलेल्या असतात. मोठ्या सर्व्हरसाठी केलेलं कॉन्फिगरेशन घ्या. १०२४ नोडसाठी १० बिट. पाच झोन असतील तर ३ बिट. नूमा बॅलन्सिंगसाठी शेवटचा सीपीयू आणि प्रोसेस यांची खूण ठेवावी लागते: ८१९२ सीपीयूंसाठी १३ आणि प्रोसेससाठी ८, मिळून २१. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत यू झाओ यांचं मल्टी-जनरेशन एलआरयू आलं, त्याचे ५ बिट. बेरीज ३९. उरले २५, आणि फ्लॅग्जची संख्याही वीस-पंचवीसच्या घरात. म्हणजे भांडं काठोकाठ भरलंय. ३२-बिट मशीनचं तर बोलायलाच नको.

तुमच्या लॅपटॉपवर एवढे नोड नसतील, म्हणून तुम्हाला जागा मोकळी दिसेल. प्रोटोटाइप चालेल. मात्र ‘मेमरी ओव्हरहेड शून्य’ हा निष्कर्ष तुमच्या लॅपटॉपपुरता खरा असेल. पेपरमध्ये ते तसंच लिहायला हवं.

टंचाईतून निघालेल्या चार वाटा

आता परीक्षण. बिट कमी पडले तेव्हा कर्नलवाल्यांनी काय काय केलं, आणि त्यातलं काय चांगलं, काय वाईट?

पहिली वाट: एकाच बिटाला दोन नावं. फाइलमध्ये रीडअहेड आणि रीक्लेम हे दोन फ्लॅग एकाच बिटावर आहेत. कारण दिलंय की एक फक्त वाचताना लागतो, दुसरा फक्त लिहिताना. याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण डिसेंबर २०१६ मधलं आहे. निक पिगिन यांना ‘या पेजसाठी कुणी थांबलंय का’ हे सांगणारा बिट हवा होता. तो लॉकच्याच शब्दात असला, की लॉक सोडताना वेट क्यूच्या टेबलात डोकावण्याची गरज बहुतेक वेळा उरत नाही. फायदा खरा होता, पण बिट कुठून आणणार? त्यांनी स्वॅपकॅशेचा स्वतंत्र बिट काढला आणि ती खूण पेजच्या मालकासाठी राखलेल्या बिटावर नेऊन बसवली. अट अशी, की पेज स्वॅपबॅक्ड असेल तरच त्या बिटाचा अर्थ स्वॅपकॅशे. ४.१० मध्ये हे गेलं.

हिशोब चोख आहे. पण किंमत बघा. आता तो बिट एकटा वाचून काहीच कळत नाही, सोबत दुसराही वाचावा लागतो. अर्थ बिटात राहिला नाही, वाचणाऱ्याच्या डोक्यात गेला. माझ्या मते ही वाट तेव्हाच योग्य, जेव्हा दोन अर्थ वेगळे करणारी खूण त्याच शब्दात असते. पिगिन यांनी ती ठेवली होती. ‘मालकाच्या वापरासाठी’ असं मोघम नाव दिलेल्या बिटांचा अर्थ मात्र आधी ते पेज कुणाचं हे ठाऊक असल्याशिवाय लागत नाही.

याच्या उलटही होतं. एकाच नावाला अनेक अर्थ. रिझर्व्ह्ड या फ्लॅगवरची टिप्पणी वाचा. कर्नलची स्वतःची इमेज, मेमरीतल्या पोकळ्या, झिरो पेज, आणखी बरंच काही. यादी संपता संपत नाही. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा, विहिरीचा हिस्सा आणि कुळाचं नाव एकाखाली एक लिहिलेलं असतं, तसं झालंय. त्या रकान्यात काहीतरी लिहिलंय एवढ्यावरून जमिनीबद्दल काय ठरवणार? ज्या फ्लॅगचं वर्णन एका वाक्यात होत नाही, तो संशोधनात वापरताना सावध राहा.

दुसरी वाट: मोकळे कोपरे शोधणं. मोठ्या कंपाउंड पेजमधलं शेपटाकडचं पेज ओळखायला पूर्वी वेगळा फ्लॅग होता. किरिल शुतेमोव्ह यांच्या बदलानंतर, म्हणजे २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ४.४ पासून, ती खूण मुख्य पेजकडे दाखवणाऱ्या पॉइंटरच्या शेवटच्या बिटात गेली. पत्ता अलाइन केलेला असल्यामुळे तो बिट एरवी शून्यच असतो. मला ही वाट आवडते. जागा वाचली हे तर आहेच, पण ‘मी शेपूट आहे’ आणि ‘माझं डोकं तिकडे आहे’ या दोन गोष्टी आता एकाच वाचनात मिळतात. एक खरी आणि दुसरी खोटी, अशी अर्धवट अवस्था संपली.

तिसरी वाट: बाहेर वेगळी वही. जूनसू किम यांनी ३.१९ मध्ये पेज एक्स्टेन्शन आणलं. गरज असेल तेव्हा बूटच्या वेळी वेगळं टेबल तयार होतं, गरज नसेल तर खर्च नाही. नंतर ४.३ मध्ये व्लादिमीर दाविदोव्ह यांनी कोणती पेजेस निष्क्रिय आहेत हे मोजणारी सोय आणली. ६४-बिट मशीनवर तिचे दोन फ्लॅग मुख्य शब्दात आहेत, ३२-बिटवर ते याच वहीत जातात. संशोधन करणाऱ्याने सगळ्यात आधी ही वाट बघावी असं माझं स्पष्ट मत आहे. थोडी हळू आहे, पण तुमच्या प्रयोगाचा भार दुसऱ्या कुणावर पडत नाही आणि ओव्हरहेड नेमका मोजता येतो.

चौथी वाट: प्रश्नच बदलणं. पेज स्लॅबचं आहे, की पेज टेबलसाठी आहे, की मोकळ्या यादीत आहे? या गोष्टी एका वेळी एकच खऱ्या असतात. प्रत्येकीला स्वतंत्र बिट देणं म्हणजे उधळपट्टी. विंडोजच्या पीएफएन डेटाबेसमध्ये पेजच्या आठ अवस्था ३ बिटांत बसवल्यात, कारण त्या अवस्था आहेत, फ्लॅग नाहीत. लिनक्समध्ये मॅथ्यू विल्कॉक्स यांनी २०१८ मध्ये पेज टाइप वेगळा केला. जी पेजेस युजरला मॅप होतच नाहीत, त्यांच्या नोंदीतली मॅपिंग मोजायची जागा त्यांनी त्यासाठी वापरली. २०२४ मध्ये स्लॅबचा फ्लॅग तिकडे गेला आणि मुख्य शब्दातला एक बिट सुटला. त्याच वर्षी एररचा फ्लॅगही काढून टाकला. पण जागा मोकळी राहिली असं समजू नका. २०२५ मध्ये ६.१४ आवृत्तीत जेन्स ॲक्सबो यांच्या कामासाठी ड्रॉपबिहाइंड नावाचा नवा फ्लॅग आला. एक सुटला, एक लागला.

मग टंचाई संपणार कधी?

विल्कॉक्स यांचाच पुढचा आराखडा आहे मेमडेस्क. स्ट्रक्ट पेज फक्त ८ बाइटचं करायचं: त्यात प्रकार आणि खऱ्या नोंदीकडे दाखवणारा पॉइंटर. सातबाऱ्यावर फेरफाराचा फक्त क्रमांक असतो आणि सविस्तर मजकूर गाव नमुना सहामध्ये, तसंच. याची पहिली मोठी पायरी म्हणजे फोलिओ, जानेवारी २०२२ च्या ५.१६ मध्ये आलेली.

पण फोलिओनेही हिशोब बदलला, मिटवला नाही. २ एमबीच्या फोलिओत ५१२ पेजेस आणि डर्टीचा बिट एकच. एक ४ केबी बदलला तरी सगळा फोलिओ डर्टी. म्हणून २०२३ मध्ये ६.६ साठी रितेश हरजानी यांना आयओमॅपमध्ये ब्लॉकनिहाय डर्टी नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागल्या. बिट वाचवला की तपशील जातो, आणि तपशील हवा असला की तो दुसरीकडे साठवावाच लागतो. हा खर्च कुठेतरी भरावाच लागतो, हे लक्षात ठेवा.

या सगळ्यातून मला दिसतं ते असं. फ्लॅग्जची टंचाई बरीचशी आपणच ओढवून घेतलेली होती. अवस्था, मालकी आणि घटना या तीन वेगळ्या गोष्टी ‘एक बिट’ या एकाच साच्यात ओतल्या गेल्या. बिट कमी पडले म्हणून लोकांना विचार करावा लागला, आणि चांगल्या कल्पना त्यातूनच निघाल्या. फाइलचं श्रेय हे, की तिने हे वाद टिप्पण्यांमध्ये जपून ठेवले. तिचा दोष हा, की कोणता बिट कुठल्या प्रकारच्या पेजवर अर्थपूर्ण आहे, हे अजूनही नावावरून कळत नाही.

तुमच्या प्रपोजलसाठी चार प्रश्न

‘फक्त एक बिट’ लिहिण्याआधी स्वतःला विचारा:

१. ही खूण कोणत्याही प्रकारच्या पेजवर येऊ शकते का? की एकाच मालकाच्या पेजवर?

२. ती ४ केबी पातळीवरच हवी का, की फोलिओपुरती चालेल?

३. ती इतर एखाद्या खुणेसोबत कधीच खरी नसते का? तसं असेल तर ती अवस्था आहे.

४. ती इतक्या वेळा वाचली जाते का, की बाहेरच्या वहीत ठेवली तर परवडणार नाही?

उदाहरणार्थ, अँडी क्लीन यांचा २००९ मधला हार्डवेअर पॉयझन फ्लॅग. रॅमचा तुकडा खराब होणं कोणत्याही पेजच्या नशिबी येऊ शकतं. नेमकं कोणतं ४ केबी हे कळायलाच हवं. पेजचा मालक कुणीही असला तरी ही खूण टिकायला हवी. अशा फ्लॅगला जागा मिळते, कारण तो पहिल्या तीन प्रश्नांवर उभा राहतो. वारंवार वाचण्याची गरज त्याला फारशी नाही, तरीही पहिले तीन पुरेसे ठरतात. तुमची कल्पना फक्त चौथ्यावर उभी असेल, तर आधी मोजून दाखवा.

आणि एक गोष्ट. फ्लॅग्जचा शब्द सामायिक आहे. तुम्ही तुमचा बिट अटॉमिक पद्धतीने न बदलता लिहिलात, तर शेजाऱ्याचा बिट पुसला जाऊ शकतो. ती चूक तुमच्या टेस्टमध्ये दिसणार नाही. दिसेल ती तिसऱ्याच कुणाच्या हरवलेल्या डेटात. अटॉमिक लिहिलंत तर वेळेचा खर्च येतो. तोही पेपरमधल्या तक्त्यात असायला हवा.

या आठवड्यात एवढंच करा. कर्नलच्या सोर्समध्ये टूल्सखालच्या एमएम फोल्डरमध्ये पेज-टाइप्स नावाचं छोटं साधन आहे. ते बिल्ड करून रूट म्हणून चालवा. प्रॉक फाइलसिस्टीममधल्या केपेजफ्लॅग्जवरून ते तुमच्या स्वतःच्या मशीनवरच्या पेजेसची फ्लॅगनिहाय मोजणी देतं. त्या यादीत फ्लॅग्जच्या किती जोड्या प्रत्यक्षात दिसतात आणि किती कधीच दिसत नाहीत, ते वहीत लिहा. न दिसणाऱ्या जोड्यांची यादी नीट बघा. तुम्हाला हवी असलेली जागा बहुतेक तिथेच असेल.