शिष्यवृत्तीचें श्रेय व यादीचा पुरावा : यवतमाळ जिल्ह्याच्या आधारें एक परीक्षण

पेशवाईंतील श्रावणमासाच्या दक्षिणेविषयीं लिहितांना आमचे अभ्यासक एक शिस्त कटाक्षानें पाळतात. दात्याची कीर्ति कितीही मोठी असो. दक्षिणा कोणास, कोणत्या विद्येबद्दल व किती पावली, हें यादीवरून ठरल्यावांचून ते निर्णय देत नाहींत. पुढें इंग्रजी अमदानींत याच दक्षिणेच्या द्रव्यांतून महाविद्यालयीन फेलोशिपा निघाल्या व न्यायमूर्ति रानड्यांसारख्या विद्वानांस त्यांचा आधार झाला. तेथपर्यंत आमची चौकस बुद्धि जागी असते. विसाव्या शतकांतील शिष्यवृत्त्यांकडे वळतांच मात्र ही शिस्त सुटते. अमुक पुढाऱ्यांनीं गरिबांस महाविद्यालयाचीं दारें उघडून दिलीं, असें एक वाक्य लिहून चरित्रकार मोकळे होतात. हें वाक्य खोटें नसतें, अपुरें असतें. तें किती अपुरें आहे, हें यवतमाळ जिल्ह्याच्या उदाहरणावरून दाखविण्याचा येथें हेतु आहे.

या विषयांतील एक प्रमुख अस्सल साधन म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं २९ ऑक्टोबर १९४२ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांस सादर केलेलें अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचें निवेदन. महाराष्ट्र शासनानें छापलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या १० व्या खंडांत तें आहे. तें पुन्हा वाचतांना त्याचा जो गुण आम्हांस प्रथम जाणवला तो हा, कीं त्याचा भर दयेच्या याचनेवर नसून हक्कावर व हिशेबावर आहे. बनारस व अलिगड येथील विद्यापीठांस सरकारांतून दरसाल मिळणाऱ्या रकमांशीं अस्पृश्यांच्या वाट्याची तुलना केली आहे. केवळ कला व कायदा शिकून भागणार नाहीं, शास्त्र व तंत्र यांचें शिक्षण हवें, आणि तें खर्चाचें असल्यामुळें सरकारी साहाय्याविना अशक्य आहे, असा त्यांतील युक्तिवाद आहे. मागणीही मोघम नाहीं : देशांतील अशा शिक्षणासाठीं दरसाल २ लाख रुपये व परदेशांतील शिक्षणासाठीं १ लाख.

हा नेमकेपणा कोठून आला, हेंही पाहण्यासारखें आहे. स्वतः आंबेडकर १९१३ सालीं सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड अशा बोलीनें ३ वर्षांसाठीं, कोलंबिया विद्यापीठांत गेले होते. आणि त्याबद्दल बडोदें संस्थानची १० वर्षें चाकरी करण्याचा करार त्यांनीं लिहून दिला होता. राजाची उदारता व सरकारचें कर्तव्य यांतील अंतर त्यांस अनुभवानें ठाऊक होतें. या निवेदनानंतर १९४४ सालीं केंद्र सरकारनें दरसाल ३ लाख रुपये मंजूर केले. १९४८-४९ पासून आदिवासी विद्यार्थ्यांस व १९४९-५० पासून इतर मागासवर्गीयांस ही योजना लागू झाली.

येथपर्यंत श्रेय निर्विवाद आहे. परंतु मंजुरी दिल्लींत झाली म्हणजे रक्कम केळापूरच्या मुलाच्या हातीं पडली असें होत नाहीं. मध्यें एक कागद असतो, तो म्हणजे अनुसूची.

त्या काळीं यवतमाळ जिल्ह्याचे तालुके पांच : यवतमाळ, केळापूर, वणी, दारव्हा व पुसद. १९५६ सालीं दुरुस्त झालेल्या यादींत या जिल्ह्यांतील गोंड, कोलाम इत्यादि लोक अनुसूचित जमातींत धरले, ते केवळ केळापूर, वणी व यवतमाळ या तीन तालुक्यांपुरते. दारव्हा व पुसद तालुक्यांतील गोंड यादीबाहेर राहिला. तोच समाज, तीच बोली, सोयरीकही एकमेकांत. परंतु एक भाऊ केळापुरास व दुसरा दारव्ह्यास राहत असल्यास पहिल्याचा मुलगा त्या वर्गाच्या साहाय्यास पात्र व दुसऱ्याचा अपात्र. ही क्षेत्रमर्यादा १९७६ च्या १०८ व्या अधिनियमानें उठली व तो २७ जुलै १९७७ पासून अमलांत आला. अधिनियम झाला तेव्हां पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या. अंमल सुरू झाला तेव्हां मोरारजी देसाई होते. आतां श्रेय एकाच नांवावर लिहूं पाहणाऱ्या चरित्रकारानें तें कोणत्या नांवावर लिहावें?

दुसरें उदाहरण पुसदचेंच. तेथील गहुली गांवचे वसंतराव नाईक हे बंजारा समाजांतले. डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे ११ वर्षांहून अधिक काळ, ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. तरीही वऱ्हाडांतील बंजारा राज्याच्या यादींत विमुक्त जातींतच राहिला. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद भागांतील लंबाडे, म्हणजे तेच बंजारे, १९७६ च्या त्याच अधिनियमानें अनुसूचित जमातींत आले. नदी एक, तांड्यांचा समाज एक, कायदाही एक. फळ मात्र दोन. पुढाऱ्याच्या हातीं किती असतें व यादीच्या हातीं किती, हें याहून स्पष्ट कोणता पुरावा सांगेल?

धर्माच्या रकान्याचीही अशीच कथा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास धर्मांतर झालें. ज्यांनीं 'बौद्ध' असें लिहिलें ते अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीबाहेर गेले. महाराष्ट्र राज्यानें १९६० सालीं, यशवंतराव चव्हाणांच्या कारकीर्दींत, आपल्या अखत्यारींतील सवलती नवबौद्धांस दिल्या. केंद्राची मान्यता १९९० सालीं मिळाली. ज्या पुरुषानें शिष्यवृत्ति मिळवून दिली, त्याच्याच मागून जाणाऱ्यांस 'बौद्ध' या एका शब्दापायीं ३४ वर्षें खोळंबावें लागलें.

चव्हाणांची १९५९ ची आर्थिक मागासांसाठींची फीमाफी जातीवर नव्हे, उत्पन्नावर बेतलेली होती : प्रथम वार्षिक ९०० रुपये, पुढें १२०० रुपये. ही सुधारणा मोठी खरी. तथापि कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्याचें उत्पन्न दरसाल सारखें नसतें, आणि तें ठरवावयाचें तर दाखलाच लागतो.

यावर कोणी म्हणेल, कीं अशानें थोरांचें मोल कमी होतें. आमचें मत उलट आहे. आंबेडकरांनीं आंकडे व वर्गवारी यांवर बोट ठेवलें, म्हणूनच त्यांचें निवेदन टिकलें. त्यांचा गौरव करावयाचा तर त्यांच्याच पद्धतीनें, म्हणजे रकाने वाचून, केला पाहिजे. यापुढील प्रत्येक चरित्रांत योजनेच्या सालाशेजारीं त्या सालची यादी व तिचें क्षेत्र नमूद असावें, एवढी किमान अपेक्षा आम्ही धरतों.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. मोडी फर्द हातीं लागली तर आपण ती जिवापाड जपतों. पण शाळा सोडल्याचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचें मंजुरीपत्र, वसतिगृहाचें हजेरीपुस्तक हीं छापील नमुन्याचीं म्हणून रद्दींत जातात. १९४४ सालास ८० वर्षें उलटून गेलीं. आतां अर्जही संगणकावरून होतात. दारव्हा किंवा पुसद येथील एखाद्या घरीं नामंजुरीचा जुना कागद असेल, तर तो मंजुरीपत्राहूनही अधिक मोलाचा समजावा. मंजुरीची नोंद सरकारदफ्तरीं राहण्याचा संभव असतो. नाकारलेल्या मुलाचा पुरावा बहुधा त्याच्या घरच्या पेटींतच सांपडेल.