सोडलेल्या पाण्याची नदी

वैशाखात कोकणातल्या बहुतेक नद्यांच्या पात्रांत गोटे तेवढे उरतात. त्या दिवसांतही कोलाडजवळची कुंडलिका सकाळी भरून येते आणि तिच्यात राफ्ट सुटतात. हे पाणी मुळात तिचं नव्हे, घाटमाथ्यावरच्या मुळा नदीचं. मुळशीच्या धरणानं अडवलं नसतं, तर ते भीमेला मिळून पूर्वसमुद्राला गेलं असतं. आता ते सुमारे ५०० मीटर खाली उतरून भिऱ्याच्या वीजगृहात १९२७ पासून वीज देतं. पुढे रावळज्याच्या वीजगृहात पुन्हा कामाला लागतं, मग कुंडलिकेत येतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्रात शिरतं. सह्याद्रीनं करून ठेवलेली पाण्याची वाटणी माणसानं इथं मोडली.

म्हणून कुंडलिकेचा आस्वाद घेताना दोघांची करणी एकत्र पाहावी लागते. पाणी किती आणि केव्हा, हे वीजगृह ठरवतं. त्या पाण्यानं वागायचं कसं, हे दगड ठरवतात.

राफ्टिंगचा टप्पा सुमारे १२ किलोमीटरचा. रॅपिडचा, म्हणजे दगडांतून उसळत जाणाऱ्या पाण्याचा, आवाज आधी कानावर येतो, मग तो दिसतो. तोंडाशी पाणी दोन्हीकडून आवळत येतं आणि मध्ये गर्द हिरवी, काचेसारखी गुळगुळीत वाट तयार होते. तिचं टोक खालच्या अंगाला असतं. तीच खोल पाण्याची वाट. टोक वरच्या अंगाला वळलेलं दिसलं, तर तिथं पाण्याखाली दगड आहे असं समजावं. मागं बसलेला गाईड एवढं एका नजरेत टिपतो, ‘फॉरवर्ड’ म्हणून ओरडतो, आणि सगळी वल्ही एकदम पाण्यात पडतात.

पुढच्या लाटांची गंमत समुद्राच्या उलट आहे. समुद्रात लाट पुढं सरकते. इथं लाट जागच्या जागी उभी राहते आणि पाणी तिच्यातून पळत राहतं. दगडाच्या पाठीशी तर पाणी चक्क माघारी, वरच्या दिशेला वाहतं. राफ्टच्या सोबतीला छोट्या होडीतून चाललेला कायाकवाला नेमका त्या उलट्या पाण्यात शिरतो, दम खातो, मागून येणाऱ्या राफ्टवर लक्ष ठेवतो. धावत्या नदीत थांबायची जागा शोधता येणं, ही या कलेतली सर्वांत सुंदर गोष्ट मला वाटते. ताकद लावून पाण्याशी झुंजणारा लवकर दमतो. जाणकार एकच वल्हं मारतो, पण वेळेवर.

शेवटी नदी संथ होते. लाईफ जॅकेट घालून लोक पाण्यात उतरतात. उताणं पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला वर धरायचे, म्हणजे दगड आलाच तर तो पायांना लागतो, डोक्याला नाही. कान पाण्याखाली गेले की माणसांचे आवाज विरतात आणि डोळ्यांसमोर फक्त आभाळ आणि काठची झाडी सरकत राहते.

राफ्टिंगच्या टप्प्याच्या खाली डोलवहाळला बंधारा आहे. तिथून कालव्यांना पाणी जातं. बंधारा आणि रॅपिड यांतला फरक पाण्यात उतरणाऱ्यानं ओळखलाच पाहिजे. दगड कुठंतरी फट ठेवतात, पाण्याला आणि माणसाला सुटायला वाट देतात. बंधाऱ्याची रेष काठापासून काठापर्यंत सलग असते. वरून पाहिलं तर पाणी निवांत वाटतं. पण कुठल्याही बंधाऱ्यावरून पाणी ओसंडत असेल, तर पायथ्याशी ते गोल फिरत राहतं आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. रॅपिड आरडाओरडा करून बजावतो, बंधारा बजावत नाही.

या आनंदाची किंमत दुसऱ्यांनी मोजलेली आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालं आणि मावळातली गावं, भातखाचरं पाण्याखाली गेली. ती जाणीव मनात ठेवून वल्हं हातात घेतलं, तर आस्वाद कमी होत नाही, खोल होतो.

माझ्या लेखी कुंडलिका ही महाराष्ट्रातली वाहतं पाणी वाचायला शिकवणारी उत्तम शाळा आहे. तिथं जाल तेव्हा नुसतं भिजून, ओरडून परत येऊ नका. राफ्टमधली पुढची जागा मागून घ्या, पाण्यावर नजर ठेवा आणि प्रत्येक रॅपिडआधी गाईडला विचारा: वाट कुठली, आणि तीच का? आणि पात्र कोरडं दिसलं तरी पाणी सुटायची वेळ विचारल्याशिवाय गोट्यांवर उतरू नका.