प्रस्थानापूर्वीचा पाठ : एकट्याच्या परदेशप्रवासाचे नियोजन आणि मराठी प्रवासवर्णन

प्रस्तावना

मराठी प्रवासवर्णनाचा विचार करताना आपण बहुधा लेखकाची सौंदर्यदृष्टी, स्थलवर्णन, भाषाशैली आणि त्यातून प्रकट होणारे व्यक्तिमत्त्व या चार अंगांवर भर देतो. पदव्युत्तर वर्गाच्या प्रश्नपत्रिकांतही हीच अंगे आलटून पालटून येतात. लेखकाने पैसा कसा उभा केला, परवाने कसे मिळविले, मुक्कामाची सोय कशी लावली, हा भाग मात्र 'माहितीपर' ठरवून बाजूला ठेवला जातो. प्रस्तुत लेखात या उपेक्षित भागाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी पाठीवर पिशवी घेऊन, एकट्याने, अल्प खर्चात परदेशातील अनेक शहरे पाहण्याचा, म्हणजे 'बॅकपॅकिंग'चा, प्रवासप्रकार निवडला आहे. या प्रवासाचे मोल त्यातील स्वातंत्र्यात आहे, असे सांगितले जाते. भारतीय प्रवाशाच्या बाबतीत त्या स्वातंत्र्याची सीमा नियोजनाच्या टप्प्यावरच आखली जाते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

मुक्त भटकंतीची कल्पना

अल्पखर्ची भटकंतीच्या आधुनिक कल्पनेला युरोपात अनेक गोष्टींनी आकार दिला. जर्मनीत रिचर्ड शिरमान या शिक्षकाच्या प्रयत्नांतून १९१२ साली आल्टेना येथील किल्ल्यात युवकांसाठी वसतिगृह सुरू झाले. सामायिक खोलीत स्वस्त मुक्काम करण्याची पद्धत त्यातून पुढे रुजली. १९७२ साली युरोपीय तरुणांसाठी 'इंटररेल' हा रेल्वे पास आला. त्याच वर्षी टोनी व मॉरीन व्हीलर हे दांपत्य लंडनहून खुष्कीच्या मार्गाने आशिया ओलांडत ऑस्ट्रेलियास गेले आणि १९७३ साली त्यांचे 'अक्रॉस एशिया ऑन द चीप' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. उद्या कोठे जायचे ते आज रात्री ठरवावे, ही या भटकंतीची वृत्ती होय.

या वृत्तीमागे एक गृहीत आहे. प्रवाशाचे पारपत्र असे असावे, की त्याला आपला बेत कोणास आगाऊ सांगावा लागू नये. हे गृहीत मार्गदर्शक पुस्तके सहसा बोलून दाखवीत नाहीत. तेच पुस्तक हाती घेऊन सोलापूरचा किंवा सांगलीचा वाचक नियोजनास बसला, की ते उघडे पडते.

आराखडा : एक संहिता

उदाहरणादाखल व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट आणि प्राग ही चार शहरे घेऊ. ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक हे चारही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने व्हिसा एकच लागतो. चलने मात्र तीन लागतात. पहिल्या दोन शहरांत युरो, बुडापेस्टमध्ये फोरिंट आणि प्रागमध्ये कोरुना. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा रेल्वेने सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. तेथे मुक्काम न करता दिवसभरात जाऊन येता येते. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतीचे विमान घेतल्यास उलट प्रवासाचा वेळ वाचतो. एकट्या प्रवाशाने नव्या शहरात दिवसाउजेडी पोहोचावे, पहिल्या रात्रीची जागा स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी आणि पिशवी आपली आपल्याला जिना चढून नेता येईल एवढीच भरावी. येथवर आराखडा प्रवाशाचा आहे.

यापुढे तो दुसऱ्या वाचकासाठी लिहिला जातो. शेंगेनच्या अल्पकालीन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत अधिकाधिक ९० दिवस राहता येते. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. मुक्काम समसमान असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे जावे लागते. म्हणजे प्रागमध्ये एक रात्र वाढविली, तर अर्जाचे कार्यालयच बदलू शकते. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण, निवासाचा व आर्थिक क्षमतेचा पुरावा आणि परतण्याचा हेतू दाखविणारी कागदपत्रे जोडावी लागतात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो झाले. अर्ज नाकारला गेला, तरी ते परत मिळत नाही.

अशा स्थितीत अनेक प्रवासी रद्द करता येण्याजोगी आरक्षणे करून दिवसवार कार्यक्रम सादर करतात. व्हिसा मिळाल्यावर त्यात किरकोळ बदल होतात, पण मुख्य मुक्कामाचा देश व एकूण दिवस यांची चौकट पाळावीच लागते. समीक्षेच्या दृष्टीने हा दस्तऐवज लक्षणीय आहे. त्याला निवेदक आहे, घटनाक्रम आहे, आणि 'मी नक्की परत येईन' हे ज्याला पटवायचे असा एक वाचकही गृहीत आहे. प्रवासाचे पहिले वर्णन प्रवासापूर्वीच, संशय घेणाऱ्या वाचकासाठी लिहिले जाते.

प्रस्तुत लेखिकेने उन्हाळी सुटीत असा प्रवास योजला, तेव्हा रजामंजुरी, ना-हरकत प्रमाणपत्र, वेतनचिठ्ठ्या आणि बँकेचा तपशील गोळा करण्यात जवळजवळ महिना गेला. एका कार्यालयात कागद तपासताना 'सोबत कोण आहे?' हा प्रश्न तीनदा विचारला गेला. प्रश्न उद्धटपणे विचारलेला नव्हता. 'कोणी नाही' हे उत्तर लिहिण्यास अर्जात जागाच नाही, असा त्याचा सूर होता. एकटेपणा, जो या प्रवासाचा गाभा, तोच कागदावर संशयाचे कारण ठरतो. स्त्रीच्या बाबतीत तो दुप्पट होतो.

मराठी परंपरेतील पूर्वतयारी

या दृष्टीने आपल्या परंपरेकडे पाहिल्यास वेगळे अर्थ हाती लागतात. पंडिता रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' हा १८८३ सालचा पत्ररूप मजकूर आहे. त्या प्रवासखर्चाला 'स्त्रीधर्मनीति' या त्यांच्याच पुस्तकाच्या विक्रीतून आधार मिळाला होता. स्वतःच्या लेखणीवर उभारलेला हा प्रवास आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील स्वराची ठामता अधिक उमगते.

धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' (१९२४) हे आत्मकथन आहे. तरी एकट्याच्या, निष्कांचन आणि अनेक नगरांच्या प्रवासाचा मराठीतील तो फार मोलाचा दाखला होय. १८९९ साली गोव्यातून निघालेले कोसंबी पुणे, ग्वाल्हेर, काशी असे करीत काठमांडूस गेले. तेथील बौद्ध धर्माची स्थिती पाहून ते निराश झाले. पुढे बुद्धगया व कलकत्ता या मार्गाने १९०२ साली ते सिलोनला पोहोचले. प्रत्येक मुक्कामी त्यांचा बेत बदलत गेला. तो बदलू शकला, कारण पुढचा मुक्काम कोणता हे कोणत्याही कचेरीस आगाऊ कळवावे लागले नव्हते. पारपत्राची सक्ती पहिल्या महायुद्धाच्या काळात आली. कोसंबींच्या खिशात पैसा नव्हता, पण बेत बदलण्याची मुभा होती. आजच्या मध्यमवर्गीय प्रवाशाकडे पैसा थोडाफार आहे, ती मुभा मात्र उरलेली नाही.

पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'त (१९६०) विलायतेस निघण्याची तयारी आणि भोवतालच्यांचे सल्ले यांचा विनोद आहे. हा विनोद आपण व्यक्तिनिष्ठ शैलीचा नमुना म्हणून शिकवितो. परंतु तो काळ १९५७ नंतरच्या परकीय चलनटंचाईचा होता, हे सांगत नाही. परदेशगमन दुर्मीळ होते, म्हणूनच त्याचा सोहळा झाला आणि त्या सोहळ्यातून विनोद निर्माण झाला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने व्यक्तींसाठी उदारीकृत प्रेषण योजना आणली. त्यानंतर चलनाची अडचण पुष्कळ ओसरली, आणि तो विनोदही आज लिहिता येणार नाही.

मीना प्रभु यांनी 'दक्षिणरंग', 'तुर्कनामा', 'गाथा इराणी' आदी ग्रंथांतून परदेशात हिंडणारी आत्मविश्वासू मराठी स्त्री वाचकांपुढे उभी केली. हे त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि त्यांचे दीर्घ वास्तव्य लंडनमध्ये होते. लंडनमधून निघणे आणि तालुक्याच्या गावातून निघणे यांत अंतर आहे. धैर्य तेवढेच असले, तरी निघण्याची जागा वेगळी असते. या फरकाची नोंद न घेता त्यांचे अनुकरण सुचविणारी समीक्षा वाचकाला प्रेरणा देईल, वाट दाखविणार नाही.

निष्कर्ष

नियोजनाचा तपशील आला म्हणजे प्रवासवर्णन वाङ्मयीन ठरते, असे येथे म्हणावयाचे नाही. नुसत्या तिकिटांच्या याद्या कंटाळवाण्याच असतात. परंतु कोणाला किती मोकळेपणाने हिंडता येते, याचे उत्तर त्या तपशिलात असते, आणि लेखकाची दृष्टी त्या मोकळेपणावर अवलंबून असते. प्रवासवर्णन शिकविताना लेखक कोठून निघाला, कोणाच्या पैशाने निघाला आणि कोणाची परवानगी घेऊन निघाला, हे तीन प्रश्न शैलीच्या प्रश्नाआधी विचारले जावेत, अशी सूचना करावीशी वाटते. आपल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थिनींपैकी अनेकींनी अद्याप पारपत्रासाठी अर्जही केलेला नसतो. तो अर्ज भरणे हीदेखील प्रवासवर्णनाची सुरुवात आहे, एवढे जरी त्यांना वर्गात कळले, तरी या वाङ्मयप्रकाराचे अध्यापन सार्थकी लागेल.